यंत्र आपले, किल्ली दुसऱ्याकडे
(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



गेल्या वर्षी कार्यकारिणीत ठरले की मंडळाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करून ठेवायच्या. कागद पिवळे पडलेत, काहींना कसर लागली आहे. स्कॅनर कपाटात होताच, आणि काम माझ्याकडे आले. नव्या संगणकाला तो जोडला. दिवा लागला, पण संगणक म्हणाला, हे यंत्र मी ओळखत नाही. कंपनीला विचारले. उत्तर आले, या मॉडेलसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हर निघणार नाही, नवा स्कॅनर घ्या. काच शाबूत, मोटर शाबूत, आणि यंत्र भंगारात!

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यामधला दुभाषा. बिदर-गुलबर्ग्याच्या माणसाला हे वेगळे समजावायला नको. आपल्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, आणि आजोबांच्या पेटीत निजामाच्या काळचे उर्दू नि मोडी कागद. दुभाषा नसला की दोन शहाणी माणसे समोरासमोर मुकी बसतात.

पूर्वी असे नव्हते. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचे मागचे झाकण काढले की आत सर्किटचा नकाशा चिकटवलेला सापडे. डिप्लोमाला असताना आम्ही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर हात बसवला, तेव्हा त्याच्या पुस्तकात शेवटी सगळ्या आज्ञा छापलेल्या असत. 27 हा आकडा गेला की पुढे आज्ञा येते आहे हे प्रिंटरला कळे. ग्राफिक्सची आज्ञा दिली की पुढचा प्रत्येक आकडा म्हणजे आठ सुयांचा एक उभा रकाना. 255 पाठवा, आठही सुया टोचतात. 128 पाठवा, फक्त वरची. त्या प्रिंटरच्या पोटात मराठी अक्षरे नव्हती, कन्नडही नव्हती. पण ते पान उघडे होते, म्हणून ठिपक्याला ठिपका जोडून आम्ही कागदावर ‘श्री’ उमटवला. त्याचा आनंद अजून आठवतो.

पुढे ही पाने कुलपात गेली. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत 1980 च्या सुमारास झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरला एक सोय केली होती, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जाई. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅम मात्र मिळेना. ज्या प्राध्यापकाकडे तो होता, त्याने गुप्ततेचे वचन दिलेले. कागद अडकतच राहिला. त्या नकाराचा सल मनात राहिलेल्या स्टॉलमन यांनी 1983 मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. उघडून पाहता, दुरुस्त करता आणि दुसऱ्याला देता येईल असे.

मागे एका काकांनी मला अडवले. म्हणाले, “अरे, आपला बिदरीचा कारागीर तरी किल्ल्यातली माती कशी ओळखतो हे सांगतो का? धंद्याचे गुपित असते.” काकांचे बरोबर आहे. पण बिदरी फुलदाणी विकत घेतल्यावर तिच्यात फुले ठेवायला कारागिराला विचारावे लागत नाही. चिप कशी घडवली ते कंपनीने खुशाल लपवावे. तिला हाक कशी मारायची एवढेच हवे आहे. 2007 मध्ये एएमडीने आपल्या ग्राफिक्स चिपांची अशी माहितीपत्रके खुली करायला घेतली; त्यामुळे कंपनी काही बुडाली नाही.

कंपनी सांगत नाही तेव्हा लोक काय करतात? स्कॅनर विंडोजवर चालवतात आणि तारेतून जाणारे आकडे टिपतात. कोणत्या आकड्याने दिवा लागला, कोणत्याने मोटर फिरली, हे ताडत बसतात. मोडीचा जाणकार न मिळता मोडी दस्त लावण्यासारखेच हे काम, महिने जातात. लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या ‘सेन’ या प्रकल्पातले काही ड्रायव्हर असेच तयार झाले आहेत.

मंडळाचा स्कॅनर त्यातही बसला नाही. त्याचे कोडे अजून कुणी सोडवलेले नाही. मग त्याच काकांनी माळ्यावरचा आपला स्कॅनर काढून दिला, त्याहून जुना! लिनक्स घातलेल्या संगणकाला जोडताच तो चालू लागला. काका म्हणाले, “माझाच आहे ना हा?”

आतापर्यंत अकरा अंक झाले. तीन वर्षांचे अंक मंडळाकडे नाहीतच. कुणाच्या घरी असतील तर आरतीनंतर मला सांगा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि आठवड्यात परत आणून देईन.