एनडीएची तयारी: अकरावीतला कोरा फॉर्म

(ताज्या भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

दहावीचा निकाल लागला की एक प्रश्न मला हमखास येतो. "मॅडम, मुलाला एनडीएला पाठवायचंय, क्लास कुठला लावू?" यंदा तो इतक्यांदा आला, की म्हटलं, एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा आजचा सगळा भागच त्यावर करावा.

माझ्याबद्दल थोडक्यात. मी सातारा जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. वडील सैन्यात हवालदार होते. आमच्या भागात सैन्य ही काही लांबची गोष्ट नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव तुम्हाला माहीत असेल, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. आजही पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यानं जा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतील. सोळाशे मीटरला किती वेळ लागला पाहिजे, हे चहाच्या टपरीवर कुणीही सांगेल. पण त्याच टपरीवर विचारा, एनडीएचा फॉर्म कधी निघतो? सगळे गप्प. खडकवासला आमच्यापासून गाडीनं दोन-अडीच तासांवर आहे. जवान कसा व्हायचं हे आमच्या घराघरात ठाऊक आहे, अधिकारी कसा व्हायचं हे सांगणारं मात्र घरात कुणी नसतं. म्हणून मग सगळा भार क्लासवर टाकला जातो.

तर आधी हिशोब समजून घेऊ. परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. अकरावीत असताना ती देता येत नाही. बारावीत शिकत असलात तर देता येते. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस या दरम्यान हवं. म्हणजे जन्मतारखेनुसार बहुतेकांना तीन-चार संधी मिळतात, त्याहून फार नाही. बारावी कुठल्याही शाखेची असली तरी लष्करासाठी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स लागतं. हे अकरावीचा प्रवेश घेण्याआधी कळलं तर उपयोग. दरवर्षी माझ्याकडे एखादी मुलगी येतेच, आर्ट्सला प्रवेश घेतलेला आणि डोळ्यांत फायटर विमान. तिला हे सांगताना जिवावर येतं.

मुलींचं आलंच आहे तर सांगते. २०२१पर्यंत माझ्या वर्गातल्या मुलींना मी हे काही सांगूच शकत नव्हते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलींना परीक्षेला बसू द्यायचा अंतरिम आदेश दिला आणि नोव्हेंबरमध्ये मुली पेपरला बसल्या. त्यातून निवडलेल्या मुली २०२२मध्ये खडकवासल्यात दाखल झाल्या आणि ३० मे २०२५ला १७ जणींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. मी ते संचलन मोबाईलवर पाहिलं. स्टाफरूममध्ये, तास बुडवून. (हसून) प्राचार्य ऐकत नसतील अशी आशा आहे.

आता मार्क. लेखी परीक्षा ९०० मार्कांची. गणित ३००, सामान्य क्षमता चाचणी ६००. लेखीचा कट-ऑफ गेली काही वर्षं तीनशे-साडेतीनशेच्या आसपास राहिलेला आहे, शिवाय प्रत्येक पेपरात किमान काही मार्क मिळवावेच लागतात. ऐकायला सोपं वाटतं, ९००पैकी तीनशे! पण चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, आणि गणितात अडीच तासांत १२० प्रश्न असतात. एका प्रश्नाला सव्वा मिनिट. आपल्या बोर्डाच्या मुलाला पायऱ्या लिहायची सवय असते, त्याचा सव्वा मिनिट 'समजा' लिहिण्यातच जातो.

मी मुलांना फळ्यावर एक हिशोब करून दाखवते. समजा गणितात तू ६० प्रश्नांना हात लावलास. ४८ बरोबर, १२ चूक. ४८ गुणिले अडीच, १२०. चुकांचे साधारण १० गेले. राहिले ११०. आता इंग्रजी बघ. ५० प्रश्न, २०० मार्क. ३५ बरोबर, १० चूक, पाच सोडले. १४० वजा साधारण १३, म्हणजे १२७. ज्या गणितासाठी आई-वडिलांनी हजारो रुपये भरले त्यात ११०, आणि ज्या इंग्रजीकडे बघितलंसुद्धा नाही त्यात १२७! मराठी माध्यमाच्या मुलांनी हा हिशोब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. गणित आणि सामान्य ज्ञान इंग्रजीबरोबर हिंदीतही छापलेलं असतं, इंग्रजीच्या भागाला मात्र पर्याय नाही. रोज एक पान मोठ्यानं वाचायचं, अडलेले पाच शब्द लिहून काढायचे. दोन वर्षं. यापेक्षा शहाणी युक्ती मला सापडलेली नाही.

उरलेले ४०० मार्क सामान्य ज्ञानाचे. त्यात साधारण निम्मं विज्ञान, बाकी इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि चालू घडामोडी. बराचसा भाग शाळेतल्या पुस्तकांत आहे. म्हणून पालकांना हात जोडून विनंती, आठवी ते दहावीची पुस्तकं रद्दीत घालू नका.

इथवरचं सगळं क्लासही सांगतो, आणि चांगला क्लास चांगलं सांगतो. ज्यासाठी मी आज बसले ती गोष्ट यापुढची आहे. लेखीचे ९००, आणि एसएसबी मुलाखतीचेही ९००. निम्मे मार्क! आणि या निम्म्या मार्कांची तयारी आपल्याकडे कधी सुरू होते? लेखीचा निकाल लागल्यावर. पंधरा दिवसांचा कोर्स, फी भरा, कोट शिवा.

एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्या दिवशीच गाळणी लागते आणि बरेचजण त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसतात. जे राहतात त्यांच्या छातीवर नंबर असतो, नाव कुणी विचारत नाही. मग मानसशास्त्रीय चाचण्या. अर्धा मिनिट एक चित्र दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची. अशा ११ चित्रांनंतर बारावा पडदा कोरा. ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहा. अर्ध्या तासात ६० प्रसंग, तू काय करशील? मग मैदानावर दोन दिवस, फळ्या, दोर आणि ड्रम घेऊन गटानं अडथळे पार करायचे. एक सविस्तर मुलाखत. शेवटच्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात.

यात गंमत काय आहे, की मानसशास्त्रज्ञ तुम्हाला भेटतच नाही, फक्त कागद वाचतो. मुलाखत घेणारा वेगळा, मैदानावरचा वेगळा. तिघांना तोच मुलगा दिसला पाहिजे. क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टीत नायक गावाला पुरातून वाचवतो आणि मैदानावर तोच मुलगा दुसऱ्याच्या हातातली फळी ओढून घेतो. पंधरा दिवसांत एक मुखवटा तयार होईल, पण १५ सेकंदांत एक वाक्य लिहायचं म्हटलं की तो घालायला वेळच मिळत नाही.

म्हणून मी एक करते. एसएसबीला गेल्यावर सुरुवातीलाच एक माहितीपत्रक भरून घेतात, पीआयक्यू म्हणतात त्याला. आई-वडिलांचं शिक्षण, व्यवसाय, मिळकत, तुमचे दहावीपासूनचे मार्क, खेळ, छंद, एनसीसी, आणि 'जबाबदारीची पदं'. मुलाखत जवळजवळ सगळी त्यावरच चालते. हा फॉर्म मी अकरावीच्या मुलांकडून जुलैमध्येच भरून घेते. पहिल्या वेळी वर्गात जी शांतता पसरते ना, ती ऐकण्यासारखी असते. मार्कांची रकाने पटापट भरतात. पुढचे कोरे. खेळ? "पाचवीत कबड्डी." छंद? "वाचन." शेवटचं कुठलं पुस्तक वाचलं? खाली मान. मग मी सांगते, हा कागद वहीत ठेव. पुढच्या जुलैपर्यंत यातले दोन रकाने खरे भर.

अशाच एका मुलीचं सांगते. नाव सांगत नाही. तिनं जबाबदारीच्या रकान्यात आडवी रेघ मारली होती. म्हटलं, काहीच नाही? म्हणाली, "मॅडम, मला कुठं वेळ असतो? सकाळी डेअरी असते." डेअरी म्हणजे गावातलं दूध संकलन केंद्र, वडील चालवायचे. वडिलांना अर्धांगवायू झाल्यापासून पहाटे साडेपाच ते साडेसात ते ही पोरगी सांभाळत होती. दूध मोजणं, फॅट लावणं, दर दहा दिवसांनी बिलं काढणं. कुणाच्या दुधात पाणी आहे हे तिला कळायचं, आणि ते त्या माणसाला चारचौघांत न सांगता कसं सांगायचं हेही. सोळा वर्षांची मुलगी पन्नास वर्षांच्या बापयांना सांगते, "आबा, उद्यापासून किटली नीट निथळून आणा." आणि आबा आणतात!

मी म्हटलं, अगं, हे पद नाही तर काय आहे?

ती म्हणाली, "पण हे तर घरचं काम."

आपल्याकडे असंच आहे. मुलगा तासभर पाण्याच्या पाळीला उभा राहतो, बहीण धाकट्याचा अभ्यास घेते, गणपतीत पोरं वर्गणीचा पै-पैचा हिशोब ठेवतात. हे सगळं 'घरचं', 'गावचं', त्याचं काय सांगायचं! आणि त्याच मुलांना आपण अकरावीत उचलून लांबच्या शहरात नेऊन ठेवतो, नावाला कुठल्यातरी कॉलेजात प्रवेश आणि दिवसभर क्लास. दोन वर्षं कुणाशी भांडण नाही, कुणाचं काम नाही, बाजारहाट नाही. आणि मग एसएसबीत विचारतात, तू कुणासाठी काय केलंस? माझं स्पष्ट मत आहे, ज्या तयारीत मूल घरापासून, गावापासून आणि मैदानापासून तोडावं लागतं, ती अर्ध्याच मार्कांची तयारी.

सरकारी व्यवस्थाही आहे, ती माहीत करून घ्या. छत्रपती संभाजीनगरची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, एसपीआय, १९७७पासून राज्य सरकार चालवतं. दहावीनंतर प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत. मुलींसाठी आता नाशिकला तशीच संस्था आहे. साताऱ्याचं सैनिक स्कूल १९६१चं, देशातलं पहिलं, पण तिथं लहानपणीच जावं लागतं. हे नाही जमलं तर घरी राहून तयारी होते. होतच नाही असं कुणी सांगत असेल तर त्याचं वसतिगृह आहे का ते आधी बघा.

शरीराचं पटकन सांगते. भरतीवाल्या पोरांच्या मागे डांबरावर रोज सोळाशे मीटर जीव तोडून पळू नका, नडग्या धरतात. परीक्षेच्या सूचनांमध्येच मोजमाप दिलेलं असतं: २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, वीस-वीस पुशअप आणि सिटअप, आठ चिनअप, दोरावर तीन-चार मीटर चढणं. पोहणंही सांगितलेलं आहे. एवढ्यासाठी दोन वर्षं भरपूर झाली. डोळे आणि रंग ओळखण्याची तपासणी मात्र अकरावीतच करून घ्या. कानातला मळ, दात, वजन, या साध्या गोष्टी आधी दुरुस्त करून जा, असं त्या सूचनांमध्येही लिहिलेलं असतं. आणि जत्रेत हौसेनं हातावर टॅटू काढून घेऊ नका. नियम कडक आहेत.

आता त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. मुलाखतीत तिला बराच वेळ दुधाबद्दलच विचारलं. फॅट कसं मोजतात, दर कोण ठरवतं, भेसळ करणारा नात्यातला निघाला तर? तिचं इंग्रजी अडखळत होतं, मध्ये हिंदी आलं, पण सांगायला तिच्याकडे होतं. पाचव्या दिवशी तिच्या नंबरची शिफारस झाली. मेडिकल झालं. आणि अंतिम यादीत नाव नाही आलं. मुलींच्या जागा मोजक्या असतात, एसएसबी पास झालं तरी गुणवत्ता यादी कुठेतरी थांबतेच. गावानं आधीच फ्लेक्स लावला होता. तो उतरवायला तिचा चुलतभाऊ रात्री गेला.

पुढच्या खेपेला ती पहिल्याच दिवशी परत आली. मग वय संपलं.

हे मी मुद्दाम सांगतेय, कारण यशाचे फ्लेक्स तुम्ही बघताच. एका परीक्षेला देशभरातून चारशेच्या आसपास जागा असतात. बसणारे लाखांत. तुमचं मूल त्यात नसण्याचीच शक्यता जास्त आहे, हे पहिल्या दिवशी घरात मोठ्यानं बोला. तेवढं बोललं गेलं की मुलं हलकी होतात, असा माझा अनुभव आहे. पदवीनंतर सीडीएसची वाट आहे, त्यातून मुलींनाही चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत जाता येतं. ती मुलगी आता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहाटेची डेअरी अजून तिच्याकडेच. फक्त फॅट मोजायचं यंत्र नवीन घेतलंय, कर्ज तिच्या नावावर. मागच्या महिन्यात येऊन पीआयक्यूचा कोरा फॉर्म घेऊन गेली. म्हणाली, "मॅडम, जुना पुरत नाही आता, जागा कमी पडते."

पालकांनी विचारलेले आणखी काही प्रश्न राहिलेत, वसतिगृहाचे, खर्चाचे. ते पुढच्या भागात घेऊ. अकरावीच्या मुलांनी तोवर एक काम करा, एका कागदावर तो जबाबदारीचा रकाना लिहून काढा आणि मला पाठवा. आडवी रेघ चालणार नाही. भेटू पुढच्या आठवड्यात.