मजुराचे ताट आणि मधुमेहाचे पथ्य



मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावरील आपल्या बाळापुरात वसंत व्याख्यानमालेच्या निमित्ताने विद्वानांची भाषणे व्हावीत हे योग्यच आहे. मी विद्वान नव्हे. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा उठल्यानंतर. हमाल आणि जिनिंगचे मजूर यांच्यात माझी तीस वर्षे गेली. असा मनुष्य मधुमेहावर काय बोलणार, असे कोणास वाटेल. पण मी औषधावर बोलणार नाही. ते डॉक्टरांचे काम. मी ताटावर बोलणार आहे. ताट हा मजुरीचा प्रश्न आहे, आणि मजुरीवर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे.

प्रथम माझ्याच एका चुकीची कबुली देतो. आमच्यातला एक हमाल, वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळा. त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पथ्याचा कागद दिला. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले तर साखर तशीच. मी त्याला चारचौघांत म्हणालो, "तोंडाला कुलूप लाव, नाहीतर मरशील." त्याने माझे शब्द खरे केले. रात्रीचे जेवण सोडले, गोळी मात्र चालू ठेवली. चौथ्या दिवशी ट्रकच्या फळीवर, पाठीवर पोते असताना, त्याला दरदरून घाम फुटला, हातपाय कापू लागले आणि तो खाली आला. कोणीतरी तोंडात गूळ घातला म्हणून शुद्धीवर आला. रक्तातली साखर एकदम खाली गेली होती. काही गोळ्या पोटात अन्न आहे असे धरूनच दिलेल्या असतात, हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी तो मला म्हणाला, "भाऊ, डाक्टरनं सांगतलं भात खाऊ नको. तुमी सांगतलं तोंड बंद ठेव. घरात तं रेशनचा तांदूळच हाय. मंग खाऊ काय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचाच शोध मी आज आपल्यापुढे मांडतो आहे.

मधुमेह हा गादीवर लोळणाऱ्या शेठजींचा रोग, अशी आपली समजूत आहे. ती आता सोडली पाहिजे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात मधुमेही सुमारे 10 कोटी 10 लाख आहेत, आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी 13 कोटी 60 लाख. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांची बालके यांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की आपली मुले वजनाने लहान जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी अधिक असते. वरून बारीक, आतून चरबीयुक्त. म्हणजे आईच्या पोटातली उपासमार मुलाला पुढे मधुमेहाच्या वाटेवर ढकलू शकते. 2025 साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने तर कुपोषणातून होणाऱ्या मधुमेहाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. तेव्हा आमचा काटकुळा हमाल हा अपवाद नव्हे.

आता त्याच्या ताटाकडे पाहू. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. या कायद्याने चुली पेटत्या राहिल्या हे मी कृतज्ञतेने सांगतो. पण हिशेब करा. 5 किलो म्हणजे दिवसाला सुमारे 165 ग्रॅम, आणि तेही मुख्यतः तांदूळ आणि गहू. डाळ, भाजी, दूध हे सारे बाजारातून. महिनाअखेर पैसा आटला की प्रथम भाजी जाते, मग वरण पातळ होते, आणि ताटात उरतो तो भात. पोट भरते, पण रक्तातली साखर चढते.

2022 च्या दिवाळीत शंभर रुपयांत "आनंदाचा शिधा" वाटला गेला. रवा, साखर, पामतेल आणि चणाडाळ. सण गोड झाला यात शंका नाही. पण मधुमेह्याच्या दृष्टीने त्या चार वस्तूंत कामाची एकच होती, आणि ती चणाडाळ.

आणि हे घडते कोठे? तर वऱ्हाडात! आपल्या वाडवडिलांचे जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, बेसन, अंबाडीची भाजी. शंभर ग्रॅम तांदळात प्रथिने आठ ग्रॅमच्या आत. चणाडाळीत ती वीसच्या वर, आणि चोथा तर कितीतरी पट अधिक. ज्वारी जादूची नव्हे, तीही मोजूनच खावी लागते. पण बेसन-भाकरीचे ताट मधुमेह्याला भाताच्या ढिगापेक्षा निश्चित मानवते. 1995 साली सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे काढली, तेव्हा कोणाच्या ध्यानी नसेल, पण ते मधुमेह्याचेच ताट होते. पुढे केंद्रे गेली. शेतातून ज्वारीही गेली. तिच्या जागी सोयाबीन आले. अकोल्याच्या डाळ मिलांत तुरीची पोती पाठीवर वाहणारा मजूर घरी पातळ वरण खातो, यापेक्षा मोठा उपहास कोणता?

दुसरी गोष्ट मजुरीची. 1957 साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाचे सूत्र ठरवले. डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाने प्रौढ माणसाला 2700 उष्मांक, आणि वर्षाला माणशी 18 वार कापड. हे सूत्र आम्हा चळवळवाल्यांना वेदासारखे. 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात शिक्षण, औषधपाणी इत्यादींसाठी आणखी 25 टक्के जोडले. पण आज मला वाटते की आम्ही उष्मांकच मोजत बसलो. उष्मांक तांदळातूनही भरतात आणि डाळीतूनही. पहिले स्वस्त, दुसरे महाग. मजुरीचा वाद घालताना ताटात डाळ किती, भाजी किती, हे आम्ही कधी ठासून विचारले नाही. हा दोष सरकारइतकाच आमचाही आहे.

कोणी म्हणेल, रोग्याला सरकारने जेवू घालायचे की काय? याला उत्तर सरकारनेच देऊन ठेवले आहे. क्षयरोग्याला 2018 पासून पोषणासाठी महिना 500 रुपये मिळू लागले. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. झारखंडात क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना शिधा देऊन पाहिले, तेव्हा त्या घरांत नव्याने होणारा क्षय 39 टक्क्यांनी कमी झाला. औषधाला अन्नाची जोड लागते हे तत्त्व एका रोगापुरते मान्य झालेच आहे. आणि मधुमेह्याला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा दुप्पट-तिप्पट असतो. क्षय झाल्यावर हजार रुपये, आणि त्याआधी नुसता पथ्याचा कागद, हा न्याय मला समजत नाही.

मग मागायचे काय? पहिले, रेशनवर डाळ. तमिळनाडू 2007 पासून रेशनवर स्वस्त दराने तूरडाळ देत आले आहे. तूर पिकवणाऱ्या वऱ्हाडाला ते अशक्य का असावे? दुसरे, ज्याला हवी त्याला तांदळाऐवजी ज्वारी, आणि ती अधूनमधून नव्हे तर नेमाने. त्याने आपल्या कोरडवाहू शेतकऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेल. तिसरे, डॉक्टरसाहेबांना हात जोडून विनंती. पथ्य लिहिण्यापूर्वी रोग्याला दोन प्रश्न विचारा: "तुझी मजुरी किती? तू जेवतोस केव्हा?" दुपारी तीनपर्यंत ज्याला घास मिळत नाही, त्याची गोळी त्या वेळेच्या हिशेबाने लिहा.

आणि मागण्या मान्य होईतो हात जोडून बसायचे नाही. त्या प्रसंगानंतर आम्ही हमालांनी डाळीची भिशी सुरू केली. आठवड्याला थोडे पैसे, महिन्याला ठोक भावात एक पोते, आणि ते सर्वांत वाटून. चहावाल्याला सांगून बिनसाखरेची किटली वेगळी ठेवली. तिच्याजवळ फुटाण्यांचा डबा असतो आणि त्या डब्यात गुळाचा एक खडाही, कोणाला घाम फुटलाच तर. यात क्रांती नाही. पण आमचा तो सोबती आज फळीवर चालतो आहे, आणि उपाशीपोटी गोळी घेत नाही.

त्याने विचारले होते, "मंग खाऊ काय?" मी त्याला कुलपाची गोष्ट सांगितली होती. आपल्यापैकी कोणाच्या घरी, शेजारी, कारखान्यात असा माणूस असेल, तर त्याला उपदेश करण्यापूर्वी एकदा त्याच्या घरचा डाळीचा डबा उघडून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.