पत्रीच्या जुडीतलं गणगोत

गणपतीच्या आदल्या दिवशी मार्केट यार्डच्या फूलबाजारात झेंडूच्या ढिगांशेजारी पत्रीच्या जुड्या येऊन पडतात. 21 पत्रींची नावं घडाघडा म्हणणारे पुष्कळ असतात. पण तुळस, मरवा आणि निर्गुडी हे तिघे पुदिन्याच्या कुळातले, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

तुळशीची कोवळी काडी चिमटीत धरून फिरवावी. बोटांना चार कडा लागतात. पानं समोरासमोर, वरची जोडी खालच्या जोडीला काटकोनात. मंजिरीतलं इवलंसं फूल भिंगाखाली धरलं, की वरचा आणि खालचा असे दोन ओठ स्वच्छ दिसतात. पाकळ्या गळल्या तरी निदलांचा पेला टिकतो, आणि त्याच्या तळाशी पिकतात चार बारीक बिया.

मात्र नुसत्या देठावर भिस्त ठेवली, तर त्याच जुडीतला आघाडा फसवतो! त्याचाही देठ कडांचा, पानंही समोरासमोर; पण फुलाला ओठ नाहीत. तो राजगिऱ्याच्या कुळातला. वासावर जावं, तर मरव्याशेजारी विकायला असलेला दवणा घोटाळा करतो. दवणा सूर्यफुलाच्या घरचा.

निर्गुडीची कथा वेगळी. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. तो 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध झाला. त्यात निर्गुडी, साग आणि पावसाळी रानभाजी भारंगी घाणेरीच्या कुळात आहेत. आजचे अभ्यासक मात्र तिघांनाही पुदिन्याच्या पंक्तीला बसवतात. सागवानाचा वासा आणि चटणीतला पुदिना भाऊबंद, हे ऐकून वखारवाला हसेल. पण शास्त्र तसं सांगतं. या तिघांची फळं मात्र तुळशीसारखी चार सुट्या बियांची नसतात, म्हणून तिथे एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

रानातली ओळख पटवायला पाऊस ओसरल्यावर एखादी टेकडी गाठावी. कुंभ्याच्या गोंड्यात पांढरी फुलं: वरचा ओठ लोकरी टोपीसारखा, खालचा ऐसपैस पसरलेला. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली रानतुळस वाटेच्या कडेने माजलेली असते. तिचं बी पाण्यात सब्ज्यासारखं फुगतं. दीपमाळ तर लांबूनच ओळखू येते. उंच दांड्यावर गोंड्यांचे मजले आणि त्यांतून डोकावणारी केशरी फुलं. हात तेवढा जपून घालावा. गोंड्यांना काटे असतात.