घरच्या कारखान्यातील ऊब

जयपूरचे नाव काढले की आपणा मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे ऊन, वाळू आणि गुलाबी वाडे उभे राहतात. त्या शहरात थंडीचीही चिंता करावी लागते, हे सहसा ध्यानात येत नाही. परंतु जानेवारीत तेथील पारा पहाटे सरासरीने ८ अंशांच्या आसपास उतरतो, आणि काही रात्री तर त्याहूनही बराच खाली जातो. ज्याला दुलईत शिरून झोपावयाचे आहे, त्याचे यात फारसे बिघडत नाही. ज्याला बोटांनी बारीक काम करावयाचे आहे, त्याची मात्र पंचाईत होते.

जयपुरात विद्याधर नगर नावाची एक मोठी वसाहत आहे. १७२७ साली सवाई जयसिंगाने जयपूर वसविले, तेव्हा नगररचनेत ज्यांचा मोठा वाटा होता, त्या विद्याधर भट्टाचार्यांचे नाव तिला दिलेले आहे. या वसाहतीचा आराखडा १९८० नंतरच्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी केला. दोशींचा जन्म १९२७ सालचा, पुण्यातला. आणि त्यांच्या घरचा व्यवसाय होता लाकडी सामान बनविण्याचा. तेव्हा घरगुती कारखान्याचा विचार करताना या वसाहतीचे उदाहरण घेणे अस्थानी होणार नाही. अशा ठिकाणी तळमजल्यावरची एखादी खोली, नाही तर मोटार ठेवण्याची जागा, हाच कारागिराचा कारखाना. तेथे कोणी रत्नांना पैलू पाडतो, तर कोणी रंधा चालवितो. थंडीने बोटे आखडली की हत्यार निसटते. गार लाकडावर सरस नीट धरत नाही, आणि रोगण वाळता वाळत नाही. म्हणजे ऊब ही येथे चैन नसून कामाचेच एक साधन आहे.

ती स्वस्तात मिळावी म्हणून माणूस प्रथम काय करतो? कोळशाची शेगडी पेटवून खोलीत ठेवतो आणि वाऱ्याची तिरीप नको म्हणून दार घट्ट लावून घेतो. याहून महाग ऊब जगात नाही. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूहून दोनशे पटींनी अधिक चिकटतो. प्रथम डोके जड होते, मग गुंगी येते, आणि माणसाला आपण गुदमरतो आहो याचा पत्ताही लागत नाही. उत्तर हिंदुस्थानात हिवाळ्यात बंद खोलीतील शेगडीने माणसे दगावल्याच्या वार्ता येतच असतात.

डिझेलवर चालणारे उष्णतायंत्र मुळात मोटारगाड्यांच्या उपयोगासाठी निघाले. त्याची रचना मोठी शहाणपणाची आहे. डिझेल जळते ते एका बंद धातूच्या कोठीत. ज्वलनाला लागणारी हवा नळीने बाहेरून येते आणि धूर दुसऱ्या नळीने बाहेरच जातो. खोलीतील हवा पंख्याच्या जोराने त्या कोठीच्या केवळ बाह्यांगावरून फिरते आणि तापून परत येते. जाळ आणि खोली यांची गाठ पडत नाही. ज्या कारखान्यात लाकडाचा भुसा उडतो, तेथे हा मोठा गुण होय. परंतु धुराची नळी लाकडाला टेकता कामा नये. तिचे तोंड आपल्या वा शेजाऱ्याच्या खिडकीखाली असू नये, आणि तिचे सांधे दर हंगामात तपासले पाहिजेत. यंत्र बंद करताना एकदम वीज तोडू नये; कोठी निवेपर्यंत पंखा चालू द्यावा. शिवाय विषारी वायूची सूचना देणारी घंटा भिंतीवर असावीच.

आता खर्चाचा हिशेब पाहू. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट उष्णता असते. तिच्यातील पाचवा हिस्सा धुराबरोबर गेला असे धरले, तर ८ युनिट हाती येतात. म्हणून डिझेलच्या भावाला आठाने भागावे. लिटरला ९० रुपये धरल्यास एका युनिटला सव्वाअकरा रुपये पडले. हा आकडा आपल्या विजेच्या बिलातील दराशी ताडून पाहावा. वीज स्वस्त असेल, तर डिझेलचे यंत्र केवळ वीज जाते तेथे, किंवा घरातील जोडणीला जादा भार पेलवत नाही तेथेच शोभेल. ते कितीही स्वस्तात मिळाले, तरी हे गणित बदलत नाही.

आणि यंत्र घेण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीतील नुसती हवा दहा अंशांनी तापविण्यास एका युनिटचा नववा भागच पुरतो. उरलेली सारी उष्णता भिंती, छप्पर आणि फटी गिळतात. तेव्हा दाराखालची फट बुजविणे, छताखाली कापडाचे किंवा पातळ फळ्यांचे दुसरे छत घालणे, पायाखाली लाकडी पाट ठेवणे आणि कामाच्या मेजापुरता कोपरा पडद्याने वेगळा करणे, यांत पहिला पैसा घालावा. सूर्याचेही साहाय्य घ्यावे. डिसेंबरच्या अखेरीस जयपुरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा चाळीस अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत पोचते. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, आणि लहानशी पडवीही त्याला अडवू शकते. नाजूक काम दुपारच्या उन्हात उरकावे आणि यंत्र सकाळ-संध्याकाळपुरते चालवावे.

आपल्या खानापूर-विटा भागातील गलाईवाले सोने-चांदी गाळण्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन राहिले आहेत. भट्टीपाशी जन्म काढणाऱ्या त्या मंडळींना, वाफ आणि धूर बाहेर जाण्याची वाट आधी करावी आणि आग मग पेटवावी, हे कोणी शिकवावे लागत नाही. घरच्या कारखान्यात ऊब आणू पाहणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. आधी धुराची वाट पाहावी, मग फटी बुजवाव्या, आणि इंधनाचा भाव शेवटी विचारावा.