शनिवारचें नाटक, रविवारचें संग्रहालय

आठवडाभर आगगाडींत उभें राहून मुंबई गांठणाऱ्या ठाणें-कल्याणच्या गृहस्थाला सुटीच्या दिवशीं घराबाहेर पडण्याचा उत्साह क्वचितच उरतो. तरीहि त्या दोन दिवसांत कुटुंबाला एक नाटक व एक संग्रहालय दाखविण्याचें त्यानें मनावर घेतलें, तर या दोहोंतील नातें मुलांना सहज उमगेल.

शनिवारीं सायंकाळीं मासुंदा तलावाकांठीं गडकरी रंगायतनांत नाटक पाहावें. ‘एकच प्याला’चे कर्ते राम गणेश गडकरी यांचें नांव धारण करणारें हें नाट्यगृह १९७८ सालीं सुरू झालें. पडदा वर जातो, रंगविलेली भिंत खरी वाटूं लागते आणि नटाच्या खोट्या अश्रूंनीं प्रेक्षकांचे डोळे खरोखरच भरून येतात.

रविवारीं सकाळीं मुंबईस जावें. तेथील छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ सालीं ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम’ या नांवानें लोकांस खुलें झालें. त्यांतील प्राणिसृष्टीच्या दालनास १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचें साह्य लाभलें. कांचेमागें रंगविलेला देखावा आणि त्यापुढें पेंढा भरलेले पशुपक्षी, हें एक नाटकच होय. फरक इतकाच कीं, रंगमंचावर जिवंत माणूस दुसऱ्याचें सोंग घेतो; येथें निर्जीव देह स्वतःच्याच जिवंतपणाचें सोंग घेतो.

सारीं दालनें एका दिवसांत उरकण्याचा हव्यास धरूं नये. रोहित पक्ष्यांच्या देखाव्यापुढें मात्र दहा मिनिटें थांबावें. हा पक्षी डोकें उलटें करून चोचींतून पाणी गाळतो आणि त्याचा गुलाबी रंग अन्नांतूनच येतो, हें मुलांना सांगावें.

हेच रोहित ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यापासून हजारोंनीं उतरतात. त्यांच्यासाठीं तेथें २०१५ सालीं सुमारें १७ चौरस किलोमीटरचें अभयारण्य झालें. २०२२ सालीं रामसर करारान्वयें खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ प्रदेशाचा दर्जा मिळाला.

चुकलेल्या नाटकाचा प्रयोग पुन्हा लागतो. निसर्गांत तशी सोय नाहीं. भारतांतील चित्त्याचा वंश संपल्याचें १९५२ सालीं जाहीर झालें, आणि २०२२ सालीं चित्ते आणावे लागले ते आफ्रिकेंतून. खाडींत भराव पडून तिवरें व चिखल नाहींसा झाला, तर ठाणेंकरांना रोहित कांचेमागेंच पाहावा लागेल. हें ज्या मुलाला एकदां उमगलें, त्याला खाडी ही केवळ पुलाखालची दुर्गंधी वाटणार नाहीं.