मनाचे दुखणे आणि आपली बोली

(सोसायटीच्या कार्यक्रमात बाभुळगाव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत 'मानसिक आरोग्य' हे शब्द छापले गेले तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी शंका घेतली की, या विषयाला लोक येतील काय? शंका रास्त होती. आपल्या भागात 'मानसिक' म्हटले की नागपूरचे मनोरुग्णालय डोळ्यांपुढे येते. 1864 साली सुरू झालेल्या त्या संस्थेला दीडशे वर्षे उलटून गेली, तरी खेड्यातल्या माणसाच्या तोंडी तिचे नाव 'पागलखाना' हेच आहे. "त्याले नागपूरले नेलं" एवढे वाक्य कानोकानी झाले तर त्या घरातल्या मुलीची सोयरीक अडते. अशा परिस्थितीत "तुम्हाला मानसिक त्रास आहे का?" असा प्रश्न घेऊन दारात जाणाऱ्याला "नाही बापा, आमच्या घरी सगळं ठीक हाय" याखेरीज दुसरे उत्तर मिळणार नाही. ते उत्तर खोटे आहे असेही आम्ही म्हणणार नाही. प्रश्नच परक्या भाषेतला आहे.

आम्ही खेड्यांमधून बोलत हिंडतो तेव्हा जे शब्द कानी पडतात ते असे : जीव लागत नाही. डोक्सं भनभन करते. मन थाऱ्यावर नाही. हातपाय गळून गेल्यासारखे वाटते. छातीत धडधड होते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे 'टेन्शन'. हा इंग्रजी शब्द आता पुरता वऱ्हाडी झाला आहे. अंगठा लावणारी म्हातारीही तो वापरते. डॉक्टर ज्याला 'डिप्रेशन' म्हणतात त्याचे बरेचसे वर्णन वरच्या शब्दांत येऊन जाते. फक्त ते दुखणे आपल्याकडे मनाचे म्हणून सांगितले जात नाही, अंगाचे म्हणून सांगितले जाते.

मानसोपचारात नैराश्य मोजण्याची एक प्रश्नावली जगभर वापरतात. तिचा पहिलाच प्रश्न असा की, गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला काम करण्यात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे काय? कापूस वेचून आलेल्या एका बाईला हा प्रश्न विचारला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "बाई, काम तर करावंच लागते, त्यात रस कायचा?" आता या उत्तराची नोंद कशी करायची? तोच प्रश्न पुढे वेगळ्या रीतीने विचारला. पहिले शेजारणीशी बोलण्यात, नातवाले जेवू घालण्यात मन रमायचे, तसे आता रमते काय? तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले. संस्कृतीचे भान ठेवून केलेला उपचार म्हणजे काय, असे विद्यार्थी विचारतात. त्याची सुरुवात या दुसऱ्या प्रश्नापासून होते.

येथे गोव्यातील एका अभ्यासाचा उल्लेख करणे अगत्याचे वाटते. 'संगत' ही गोव्यातील संस्था 1996 साली स्थापन झाली. तिच्याशी संबंधित डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावर पांढरे जाण्याची तक्रार करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. प्रत्येक वेळी जंतुसंसर्ग सापडेल अशी अपेक्षा असते. परंतु त्या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरील ताण आणि घरातील छळ यांच्याशी अधिक जवळचा निघाला. आमच्या माता-भगिनी दवाखान्यात जाऊन "अंगावरून जाते, कंबर दुखते, अशक्तपणा हाय" असे सांगतात आणि टॉनिकची बाटली घेऊन परत येतात. तपासणी झालीच पाहिजे, यात वाद नाही. परंतु तपासणीनंतर "घरी कसे चालले आहे?" हा एक प्रश्न विचारला गेला असता तर पुष्कळ बाटल्या वाचल्या असत्या. पुरुषांचेही तसेच. तरुण मुलगा "धातू जाते" म्हणून जडीबुटीवाल्याकडे पैसे घालवतो आणि त्यामागची धास्ती कुणाला सांगत नाही.

आता उपचार द्यायचे कुणी, हा प्रश्न. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये देशाच्या 12 राज्यांत पाहणी केली. तीत असे आढळले की, निरनिराळ्या मानसिक आजारांत शंभरांपैकी 70 ते 92 माणसांना उपचार मिळतच नाहीत. बाभुळगावच्या माणसाला मनोविकारतज्ज्ञ हवा असेल तर यवतमाळ गाठावे लागते, नाहीतर सावंगी, सेवाग्राम किंवा नागपूर. एसटीने जाऊन येण्यात दिवस मोडतो, मजुरी बुडते, सोबत एक माणूस न्यावा लागतो, त्याचीही मजुरी बुडते. एवढा खटाटोप 'टेन्शन'साठी कुणी करीत नाही.

यावर आपल्या विदर्भातच एक प्रयोग झाला. दुर्दैवाने आपल्याकडे त्याची चर्चा फार थोडी झाली. 'विश्राम' हे त्याचे नाव. विदर्भातील ताण आणि आरोग्य यांचा कार्यक्रम, असा त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ. नावात रोग नाही, वेड नाही, ताण आहे. आणि विश्राम हा शब्द तर उन्हातून आलेल्या कुणालाही कळतो. 'संगत'ने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने विदर्भातील 30 गावांत हे काम केले. गावातलीच माणसे तयार करून त्यांना ऐकून घेण्याचे आणि धीर देण्याचे शिक्षण दिले गेले. त्यांच्या वर प्रशिक्षित समुपदेशक, आणि ज्यांना औषधांची गरज आहे अशांसाठी डॉक्टर, अशी उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण आधी शेकडा 4.3 होते, ते दीड वर्षानंतर 27.2 झाले. मनात आत्महत्येचे विचार येतात असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही उतरले. हे निष्कर्ष 2017 साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी दुसरी गावे घेतलेली नव्हती, तेव्हा सर्व श्रेय कार्यक्रमालाच द्यावे काय, असे एखादा चिकित्सक विचारील, त्याने विचारावे. परंतु चार माणसांच्या ठिकाणी सत्तावीस माणसे मदत मागू लागली, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही.

अशा समुपदेशनात करतात तरी काय, याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. उपदेश करीत नाहीत. "हिंमत ठेव, सगळं ठीक होईल" असे तर मुळीच म्हणत नाहीत, कारण ते ऐकून ऐकून त्या माणसाचे कान किटलेले असतात. खचलेला माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडत जातो. चावडीवर बसणे सोडतो, विहारात येणे सोडतो, दाढी करणे सोडतो. जितके सोडतो तितका अधिक खचतो. म्हणून त्याच्याबरोबर बसून, जमेल अशी एखादीच लहान गोष्ट ठरवायची : उद्या सकाळी बंधाऱ्यापर्यंत चालत जाऊन यायचे. परवा पुन्हा भेटून ते झाले काय, पाहायचे. दुसरे असे की, काळज्यांची गाठोडी सोडून दोन ढीग करायचे, आपल्या हातातले आणि आपल्या हाताबाहेरचे. सोयाबीनचा भाव हाताबाहेर आहे. बँकेत जाऊन कर्जाचे पुनर्गठन होते काय ते विचारणे हातात आहे, आणि एकट्याने जायची छाती होत नसेल तर कुणाला सोबत न्यायचे हेही हातात आहे. या गोष्टी ऐकायला साध्या वाटतात; पण आठ-दहा भेटी नेमाने झाल्या तर त्यांचा गुण येतो.

घरच्या माणसांना वगळून आपल्याकडे काही साधत नाही. विलायतेत रुग्ण एकटा येतो आणि एकटाच बोलतो. आपल्याकडे सून एकटी बोलायला बसली तर सासू दारात उभी राहते. पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी यावर मार्ग काढला. बाळंतिणींच्या नैराश्यावरील उपचार त्यांनी "बाळाच्या तब्येतीसाठी" म्हणून घरात नेला. आईला वेडी म्हटले नाही; बाळ चांगले वाढावे म्हणून आईने काय विचार करावा आणि घरच्यांनी तिला कशी मदत करावी, असे म्हटले. त्यामुळे सासूने स्वतः पाट मांडला. हे काम तिकडच्या आरोग्यसेविकांनी, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या बायकांनी केले. सहा महिन्यांनंतर पाहिले तर ज्यांना ही मदत मिळाली त्यांच्यापैकी शेकडा 23 बायका नैराश्यात होत्या, इतरांपैकी 53. हे 2008 सालचे निष्कर्ष आहेत. सरहद्दीपलीकडचे म्हणून ते आपल्याला परके नाहीत. सासू दोन्हीकडे सारखीच आहे!

आता थोडे विद्यार्थ्यांसाठी, आणि हे जरा कठीण आहे. मानसोपचारात विचार बदलण्यावर भर देणारी एक पद्धत आहे. अल्बर्ट एलिस यांनी ती अमेरिकेत मांडली आणि कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांना तिची ओळख करून दिली. घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला अविवेकी विचार आपल्याला अधिक छळतो, असे तिचे म्हणणे. पद्धत मोलाची आहे आणि आम्हीही ती वापरतो. परंतु वसतिगृहात किंवा महाविद्यालयात आडनाव विचारून ज्याला टोमणे ऐकावे लागतात, त्याला "तू फार विचार करतोस" असे सांगणे हा उपचार नव्हे. तेथे विचार खरा आहे, वागणूकच वाईट आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भेदभाव सोसावा लागतो, हे प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने 2007 साली अहवालात नोंदवले. 2016 साली हैदराबादेत रोहित वेमुला गेला, 2019 साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ही नावे तुम्हाला ठाऊक आहेत. समुपदेशकाने आधी "तुझ्यावर अन्याय झाला" हे स्पष्ट शब्दांत मान्य केले पाहिजे. त्यानंतर, त्या अन्यायामुळे "मीच नालायक आहे" असे जे मनात घर करून बसते त्याच्याशी झगडायचे. हा क्रम उलटा केला की मुलगा दुसऱ्या भेटीला येत नाही. आणि तक्रार अर्ज लिहायला मदत करणे हाही समुपदेशनाचाच भाग आहे, असे आमचे मत आहे; काही तज्ज्ञांना ते पटत नाही.

संस्कृतीचे भान म्हणजे जे चालते ते सर्व चालू देणे, असे मात्र नव्हे. बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक आपल्या आजारी माणसाला घेऊन जातात. जाणाऱ्यांना हसू नये. दुसरीकडे कुणी दार उघडत नाही म्हणून ते जातात, आणि तेथे त्यांना सोबत मिळते. परंतु साखळदंड, मारझोड, धुरी आणि औषध बंद करणे यांना क्षमा नाही. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे झोपडीला आग लागली आणि साखळीने बांधलेली 28 माणसे दगावली. महाराष्ट्रात 2013 सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि त्यासाठी झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी प्राण द्यावे लागले. ज्याला आवाज ऐकू येतात, जो घरच्यांवर विष घातल्याचा संशय घेतो, ज्याची झोप दिवसेंदिवस उडाली आहे, त्याला नुसत्या बोलण्याने गुण येत नाही. त्याला डॉक्टर आणि नियमित औषध हवे.

आपल्या समाजापुरत्या दोन गोष्टी सांगतो. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरात दारू आणि अंगारा या दोन्ही गोष्टी लपवल्या जातात. विहारात सर्वांसमक्ष विचाराल तर कुणीही कबूल करणार नाही. म्हणून एकांतात विचारावे, आणि विचारताना प्रतिज्ञेची आठवण काढू नये. शरमेने माणूस दारू सोडत नाही, विहार सोडतो. दुसरी गोष्ट ध्यानाची. ध्यानाने अनेकांना स्वस्थता लाभते, हे आम्ही जाणतो. परंतु गंभीर मनोविकार असलेल्यांना दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात घेऊ नये, अशी दक्षता शिबिर चालवणारेसुद्धा बाळगतात. तेव्हा गोळ्या बंद करून शिबिराला पाठवण्याचा सल्ला कुणी देऊ नये.

पोलिसांच्या भीतीविषयीही बोलले पाहिजे. कुणी औषध प्यायले तर घरचे लोक "चुकून पोटात गेलं" असे सांगतात आणि पुढे त्या माणसाशी त्या विषयावर कुणी बोलत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 च्या कलम 115 प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते, आणि त्याची काळजी घेणे व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. जुन्या दंडसंहितेचे कलम 309 भारतीय न्याय संहितेत राहिले नाही. ती 1 जुलै 2024 पासून लागू आहे. दवाखान्यात खरे सांगावे. विषाचे नाव कळले तर डॉक्टरांना उपचार करणे सोपे जाते.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. 19 मार्च 1986 रोजी आपल्याच जिल्ह्यातील चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी कुटुंबासह जीवन संपवले, तेव्हापासून हा जिल्हा ज्या कारणांनी ओळखला जातो त्यांत भाव, पाणी आणि सावकारी ही कारणे आहेतच. फवारणीच्या विषाचेही तसेच. श्रीलंकेत घरोघरी कुलूपबंद पेट्या देऊन पाहिल्या, फारसा फरक पडला नाही. सर्वांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली तेव्हा आत्महत्यांचे प्रमाण 1995 नंतरच्या वीस वर्षांत सुमारे 70 टक्क्यांनी उतरले. ही मागणी शासनाकडेच करावी लागेल.

शासनाने 2015 साली विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरावीत, अशी योजना होती. आपल्या गावच्या आशाताईंना या कामात साथ द्यावी. 'टेलिमानस'चा 14416 हा दूरध्वनी क्रमांक 2022 पासून आहे. तो चोवीस तास विनामूल्य आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. विद्यार्थ्यांनी तो वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्यावा.

शेवटी एक विनंती. दर रविवारी वंदनेनंतर विहाराच्या मागची खोली दोन तास मोकळी ठेवण्यास अध्यक्षांनी संमती दिली आहे. पाटी लावणार नाही. ऐकून घेण्याचे शिक्षण घेण्यास तयार असलेल्या दोन बायका आणि दोन पुरुष आम्हाला हवे आहेत. शिक्षणाची अट नाही, ऐकलेले पोटात ठेवता आले पाहिजे. नावे सभा संपल्यावर सचिवांकडे द्यावीत. आता प्रश्न विचारावेत. ज्यांना सर्वांसमक्ष विचारायचे नसतील त्यांनी चिठ्ठी पाठवावी, नाव लिहू नये.

जयभीम.