कांद्याची पट्टी आणि पडद्यावरचं शेत



मंद्रूपच्या आपल्याच तालुक्यात, सीना-भीमेच्या संगमावर हत्तरसंग कुडलला, शके ९४० चा म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. ज्या मातीत मराठी हजार वर्षांपूर्वी दगडावर उतरली, तिथल्या संमेलनाचं अध्यक्षपद मिळणं हा मी मोठा मान समजतो. मराठी समीक्षेनं अजून उंबऱ्याबाहेरच उभ्या ठेवलेल्या एका विषयावर आज मला बोलायचं आहे. तो विषय व्हिडिओ गेमच्या परीक्षणाचा.

या खेळांबद्दल आपल्याकडे छापून येतं ते बहुतेक दोनच तऱ्हेचं. एक तर जाहिरात, नाहीतर धास्ती. पोरगं रात्रभर मोबाइलला चिकटलं, अभ्यास गेला, पैसे गेले. ही धास्ती खोटी नाही. पण खेळ बांधलाय कसा, तो खेळणाऱ्याकडून काय करवून घेतो, हे आईबापांना कोणी सांगतच नाही. गाण्याच्या बाबतीत हे काम झालं आहे. केशवराव भोळ्यांनी ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर लिहिलं, ते गाण्याच्या आतून लिहिलं. ते स्वतः गाणारे, चाली बांधणारे होते. गेमवर लिहिणाऱ्याकडून माझी तीच अपेक्षा आहे. त्यानं तो खेळ खेळलेला असावा, आणि तडीस नेलेला असावा.

दुसरी अपेक्षा, खेळाच्या प्रकाराप्रमाणे प्रश्न बदलावा. अभंगाची फूटपट्टी लावणीला कोणी लावत नाही.

उदाहरणार्थ, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. २०१७ मध्ये लोकवर्गणीची मोहीम फसल्यावरही ही मंडळी मागे हटली नाहीत, आणि पुढे पदार्पणातल्या स्वतंत्र खेळांच्या विभागात त्याला द गेम अवॉर्ड्स या पुरस्कारांचं नामांकन मिळालं. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या राजीची ही गोष्ट दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. किल्ले, महाल, छायाबाहुल्यांचे प्रसंग पाहून कोणीही वाहवा करील. पण हा लढण्याचा खेळ आहे, तेव्हा परीक्षकानं लढाईकडे बघावं. राजी मुळात कसरतीचे खेळ करणारी मुलगी आहे. म्हणून ती खांबाला धरून गिरकी घेते आणि त्या वेगात शत्रूंना झोडपते, भिंतीवर धावत जाऊन उलटी झेप घेते. तिचं पूर्वायुष्य निवेदनातून ऐकावं लागत नाही, ते आपल्या बोटांना कळतं. मी याला उत्तम व्यक्तिचित्रण म्हणतो. आणि त्याच परखडपणे हेही लिहावं की शेवट आटोपता घेतलाय, गोष्ट मध्येच तुटल्यासारखी वाटते. आपल्या माणसांचा खेळ म्हणून हात राखून लिहिलं, तर त्यांच्या कष्टांचाच अपमान होईल.

पारावर बसलेली पोरं खेळतात तो प्रकार निराळा. पबजीवर भारतात सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नव्या नावानं परतला, वर्षभरानं पुन्हा गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. इथं गोष्ट नाही. शंभर जण विमानातून उतरतात, खेळायची हद्द आवळत जाते, शेवटी एक चमू उरतो. परीक्षकानं पाहायचं ते असं: पावलांच्या आवाजावरून शत्रूची दिशा ओळखता येते का, पडलेल्या सोबत्याला पुन्हा उभं करायला जाण्यात खरी जोखीम आहे का, आणि कपडे-सजावटीच्या पेट्या नशिबावर विकून खेळ पोराच्या खिशात किती हात घालतो. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आणि ई-स्पोर्ट्स त्यातून वेगळे काढले. हा फरक घरोघर समजावण्याचं काम परीक्षणाचं आहे.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रकार, शेतीचा. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा खेळ सिएटल परिसरातल्या एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार वर्षांहून अधिक खपून केला आणि २०१६ मध्ये आणला. चित्रं त्याची, संगीतही त्याचंच. कचेरीतल्या नोकरीला कंटाळलेला तरुण आजोबांच्या पडीक शेतावर येतो. दगड वेचायचे, जमीन खणायची, रोज झारीनं पाणी घालायचं. पाऊस झाला तर त्या दिवशीचं पाणी वाचतं. कावळे पीक खातात म्हणून बुजगावणं लावायचं. हंगाम २८ दिवसांचा. तो उलटला की त्या हंगामाचं पीक उभ्या जागी वाळतं. पार्सनिप नावाच्या कंदाचं बी २० मोहरांना मिळतं, चार दिवसांत पीक येतं, साधा कंद ३५ ला जातो. रात्री पेटीत माल टाकला की सकाळी पैसे जमा.

यावर जगभर भरभरून लिहिलं गेलं आहे. पण मंद्रूपच्या शेतकऱ्याची लेक हा खेळ खेळेल तेव्हा तिच्या नजरेस आधी काय पडेल? त्या पेटीत एक कंद टाका की हजार टाका, भाव तोच. आवक वाढली म्हणून भाव पडत नाही. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, मोटारभाडं नाही. इथं मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला आणि सगळा खर्च वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. ज्या घरात विक्रीच्या हिशोबाची अशी पट्टी चुलीपुढे वाचली गेली आहे, त्या घरातल्या मुलीला कळेल की या खेळातली खरी जादू त्यात दिसणाऱ्या रानातल्या भुतांत नाही. केलेल्या कष्टाचा भाव ठरलेला असणं, हीच ती जादू. मी याला खेळाचा दोष म्हणणार नाही. ते बॅरोननं पाहिलेलं स्वप्न आहे, आणि मन लावून पाहिलेलं आहे. मात्र त्या स्वप्नाची किंमत सिएटलपेक्षा इथं नेमकी कळते. ते परीक्षण मला मराठीत वाचायचं आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. पुस्तक परीक्षणांच्या शेजारी दोन पानं या खेळांना द्या. कुठल्या फोनवर खेळला, किती तास लागले, एकदाच पैसे पडतात की वरचेवर, भाषा कोणती, हे परीक्षणाच्या डोक्यावर चौकटीत छापा. लिहिणाऱ्या मुलामुलींना कवीइतकंच मानधन द्या. येत्या दिवाळीत अशी पानं निघाली, तर संपादकांच्या टेबलावर वाचकाचं पहिलं पत्र माझं असेल.